लॉट नंबर दोनशे बारा

१

पत्र चोरीला गेलं ते मंगळवारी, भर दुपारी. त्या दिवशी अंगारकी होती आणि अर्धा जिल्हा राजूरच्या गणपतीसमोर रांगेत उभा होता. चोरालाही मुहूर्त कळतो म्हणायचा.

बेबीनंदा सपकाळ यांना ही बातमी लागली बुधवारी सकाळी, पिंपळगाव रेणुकाईच्या घरी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत. फोनवर मंजू तोष्णीवाल स्वतः होत्या.

"सपकाळबाई, माझं पत्र चोरीला गेलंय. तुम्ही या."

"पोलिसांकडं जा की."

"पोलीस आले की संध्याकाळच्या आत बातमी फुटेल. तुम्ही फोडणार नाही, आणि माझी भीडही धरणार नाही. माझे चारशे नग परत पाठवले होते तुम्ही."

"चारशे सोळा," बाई म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

बाईंनी एकतीस वर्षं संरक्षण खात्यासाठी लोखंडाचे तुकडे तपासले होते. विमानात आणि हेलिकॉप्टरात बसणारा एकेक भाग त्यांच्या भिंगाखालून जायचा. ज्या कारखान्यात तपासणी, तिथला चहासुद्धा घ्यायच्या नाहीत; पाण्याची बाटली घरून न्यायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या शेजारच्या जावयांची तपासणी करत होत्या. त्यातले बरेच त्यांनी नापास केले होते.

मंजूबाईंची गोष्ट सगळ्या जालन्याला पाठ होती. टेंभुर्णीच्या बद्रीनारायण तोष्णीवाल या धान्य व्यापाऱ्याची ही मुलगी. इंजिनियर झाली, बंगळुरात विमानं बनवायला शिकली, मग जालन्यात येऊन 'गिरिजा एअरोफोर्ज' उभी केली. हेलिकॉप्टरच्या चाकांच्या दांड्या इथे बनतात. २०१९ साली दिल्लीने त्यांना संरक्षण खरेदीच्या मोठ्या खुर्चीवर बसवलं. तीन वर्षं तिथे, नियमाप्रमाणे एक वर्ष घरी, मग परत गिरिजात. आता दिल्लीने त्याहून मोठ्या खुर्चीसाठी बोलावलं होतं. लोक म्हणायचे, आज दुकानदार, उद्या गिऱ्हाईक, परवा पुन्हा दुकानदार. बाईंना हे बोलणं सोळा आणे पटायचं.

आता तक्रार झाली होती, की मंजूबाई खुर्चीत असताना २०२१ मध्ये गिरिजाला मोठी ऑर्डर मिळाली. नेमणुकीची छाननी करणारी समिती गुरुवारी अकरा वाजता बसणार होती. त्यावर मंजूबाईंचं उत्तर एकच कागद होतं. २०१९ साली खुर्चीत बसल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी लिहून दिलं होतं, गिरिजाचा कोणताही विषय माझ्यासमोर आणू नये. खाली तिथल्या कारकुनाची शाईची सही आणि पोच-शिक्का. त्या कार्यालयाची प्रत इमारत बदलताना गहाळ झाली होती. मंजूबाईंकडची एकच उरली होती, आणि आता तीही नव्हती.

"झेरॉक्स न्हाई का?" बाईंनी विचारलं.

"आहे. तक्रार करणारे म्हणतात, असे झेरॉक्स कोणीही काढतं. असं पत्र कधी नव्हतंच, असं त्यांचं म्हणणं आहे."

२

गिरिजाच्या फाटकावर सोमेश्वर नावाचा पहारेकरी होता. त्याने बोटांवर मोजत हिशेब सांगितला. "अंगारकीची अर्धी सुट्टी. एकच्या आत सगळे राजूरला गेल्ते. मंग आत राह्यले तिघं. हर्षशेठ, पलकताई आन भट्टीवर कल्याण. पेटती भट्टी सोडून त्याला जाता येत न्हाई ना."

"आणि मॅडम?"

"एकला जेवायला गेल्त्या, साडेतीनला आल्त्या. तेवढ्यालाच फाटक उघडलं. बाकी सहा वाजेतोवर चिमणी बी बाहेर गेली न्हाई."

वर केबिनमध्ये मंजूबाई उभ्याच होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याला भारी. एक वाजता पत्र फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवून, फाइल टेबलावर सोडून त्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा फाइल जागेवर होती, पत्र नव्हतं. त्यांचा भाचा हर्ष कारखान्याचा कारभार बघतो. त्याने पावणेचारला भोंग्यावरून सांगितलं, की फाटक बंद आहे आणि जाताना प्रत्येकाची झडती होईल. सहाला तिघांचीही झडती झाली. पलकची स्वतः मंजूबाईंनी घेतली. मग रात्रभर सगळी इमारत उलटीपालटी करून झाली होती.

"पत्र होतं कसं? नुसता कागद?"

"सकाळीच पलकने लॅमिनेशन करून आणलं होतं. खराब होऊ नये म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आपल्याकडं लेकरू जन्मलं की आधी दाखल्याला प्लास्टिक, मंग बारसं."

तेवढ्यात हर्ष आत आला. चौतिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली जागरण. त्याच्या हातात एक कागद होता. "बुआजी, सही करा. प्रकृतीच्या कारणामुळे नाव मागे घेते, एवढंच लिहिलंय. इज्जतीत सुटाल."

मंजूबाईंनी कागद वाचला. "माझी प्रकृती ठणठणीत आहे, हर्ष. बीपीसुद्धा नाही."

"उद्या तिथं पत्र मागतील. काय दाखवाल?"

"तोंड दाखवीन. मी ज्या खुर्चीत बसले तिथे एक पैशाचं वाकडं केलं नाही. मी काय म्हणून पळू?" त्यांनी कागद टेबलावर आपटला. "पळाले तर जन्मभर चोर ठरेन. मग ते पत्र सापडलं तरी त्याची सुरळी करून कान कोरायला वापरा."

बाईंना हे उत्तर आवडलं, पण चेहऱ्यावर त्यांनी काही येऊ दिलं नाही. त्या आपटलेल्या कागदाकडे बघत होत्या. खालच्या कोपऱ्यात यंत्राने बारीक अक्षरात छापल्याची वेळ टाकली होती. मंगळवार, दुपारी दोन पन्नास.

पत्र गेल्याचं कळलं होतं साडेतीनला.

३

"हो, आधीच छापलं होतं," हर्षने लपवाछपवी केली नाही. "आठ दिवस झाले, मी बुआजींच्या पाया पडतोय. पत्र असो की नसो, त्यांनी जाऊ नये. त्यांच्या एका खुर्चीपायी कारखान्याकडे सगळे संशयाने बघतात. केबिनमध्येही गेलो होतो मी, अडीचला. फाइल उघडली नाही. चोरी केली असती तर ती वेळ छापलेला कागद तुमच्या नाकासमोर आणला असता का?"

एक तर हा फार हुशार आहे किंवा अगदीच साधा, बाईंनी मनात नोंद केली.

"आणि ऐका," हर्ष आवाज उतरवून म्हणाला, "कोणीही सापडलं तरी हे आतल्या आत मिटवून टाका."

"बाळा, मी एकतीस वर्षांत केसाएवढी चीर मिटवली न्हाई. माणूस कसा मिटवू?"

पलक संचेती ऑफिसचं काम बघते. सत्तावीस वर्षांची पोरगी, टापटीप, पण सकाळपासून रडून नाक लाल झालेलं. "पावणेदोनला टेबल पुसायला केबिनमध्ये गेले होते, तेव्हा पत्र होतं," ती म्हणाली. "दोनपासून सहापर्यंत मी इथेच बसून पेट्यांची लेबलं छापत होते. दोन हजार. मशीन मध्येच बंद पडलं तर पहिल्या नंबरापासून सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून जागची हलले नाही."

"मध्ये बंद पडलं?"

"एकदाही नाही. बिलकुल नाही."

म्हणजे पावणेदोनला पत्र जागेवर होतं. अडीचला हर्ष गेला होता. बोलता बोलता पलकची नजर सारखी टेबलाखालच्या लेबलांच्या खोक्याकडे जात होती. खोट्या वेल्डिंगवर रंग फासणारे कारागीरही नेमके तिथेच बघतात, हे बाईंना माहीत होतं. त्या वाकल्या आणि लेबलांची रिळं बाजूला केली. तळाशी घडी घातलेला पांढरा कागद होता.

पलकने ओढणीत तोंड लपवलं.

४

तो कागद पुण्यातल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र निघाला. रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्यातली.

"मॅडमना कसं सांगू कळत नव्हतं," पलक हुंदके देत म्हणाली. "झडतीत पर्स उघडतील म्हणून इथे खुपसलं."

"अगं, नोकरी बदलणं चोरी असती तर तुझ्या मॅडमला जन्मठेप झाली असती," बाई म्हणाल्या आणि पत्र तिच्या हातात दिलं. मग ऑफिसातल्या कागद कातरायच्या यंत्रात त्यांनी स्वतःचं लॅमिनेशन केलेलं जुनं ओळखपत्र घालून पाहिलं. यंत्र दोन दातांत अडकून गप्प बसलं. तसं प्लास्टिक हाताने फाटत नव्हतं आणि संडासात वाहून जात नव्हतं. कारखान्यात काडेपेटीला बंदी होती. मग ते पत्र गेलं कुठे?

बाई कँटीनमध्ये बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. कँटीन चालवणाऱ्या साळूबाईंनी चहा पुढे केला, त्यांनी नको म्हटलं. साळूबाई पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ.

"पत्र गेलं त्याचं एवढं?" साळूबाई म्हणाल्या. "मॅडम दिल्लीला गेल्त्या ना, त्या साली इथली चौसष्ट माणसं घरी बसली. ऑर्डर दुसऱ्यानं नेली. आमचे मालक त्याच्यातच होते. काकासाहेब दांडगे, वीस वर्षं हातोड्यावर होते. तव्हापासून ऊस तोडायला जातेत. कोणी येऊन सांगितलं का, का काढलं म्हणून?"

"दांडगे? भट्टीवरचा कल्याण तुमचा कोण?"

"दीर. त्याला मॅडमनंच शिकवून मोठं केलं. देवासारखं मानतो त्यांना." साळूबाईंनी कप उचलला. "आता देव परत दिल्लीला निघाला."

भट्टीची खोली कारखान्याच्या टोकाला होती. कल्याण दांडगे चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने न विचारताच सांगितलं, "दोन वाजता मॅडमच्या सहीसाठी वर गेल्तो. मॅडम न्हवत्या. खाली आलो, मंग जागा सोडली न्हाई."

"भट्टीत काय होतं काल?"

"लॉट दोनशे बारा. चोवीस दांड्या. नऊशे पंचवीस अंशावर, एक ते सहा."

बाईंनी रजिस्टर मागितलं. भट्टीचं रजिस्टर म्हणजे त्यांचं जुनं माहेर. शेजारीच भट्टीच्या पेनाने आपोआप काढलेला आलेख लावलेला होता. रेघ दुपारभर सरळ होती. चार वाजून पाच मिनिटांनी ती खाली आली आणि हळूहळू परत वर गेली. दार उघडलं की आतली उष्णता पडते आणि रेघ अशी घसरते. रजिस्टरात दोनशे बारासमोर लाल पेनाने लिहिलं होतं, 'होल्ड'. म्हणजे हा लॉट थांबवला, पुढे पाठवू नका. खाली कल्याणची सही. शेजारचा कारणाचा रकाना कोरा.

"कारण?"

कल्याण भट्टीच्या दाराकडे बघत राहिला. "लाईटीनं झपका मारला."

बाईंनी रजिस्टर मिटलं. पत्र कुठे आहे ते त्यांना कळलं होतं. कळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

५

अकरा वाजता त्यांनी सगळ्यांना भट्टीपाशीच बोलावलं. मंजूबाई, हर्ष, पलक आले. कल्याण तिथे होताच.

"पत्र फाटकाबाहेर गेलं न्हाई," बाईंनी सुरुवात केली. "इमारतीत सापडलं न्हाई. फाटणारं न्हाई, कातरणारं न्हाई, वाहून जाणारं न्हाई. मंग उरली एकच जागा. चारच्या पाच मिनिटांनी ह्या भट्टीचं दार उघडलं. कल्याण, तू म्हणला, लाईटीनं झपका मारला. पण त्याच वेळी वर पलकचं मशीन चालू होतं. एका झपक्यात ते बंद पडतं आन दोन हजार लेबलं पुन्हा छापावी लागतात. ते एकदाही बंद पडलं न्हाई. लाईट गेलीच न्हवती."

बाईंनी आलेखातल्या घसरलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"दार हर्षनं उघडलं असतं तर तू सांगितलं असतं. तू जागा सोडली न्हाई. झडतीचा भोंगा वाजला पावणेचारला, दार उघडलं चार पाचला." बाई कल्याणच्या समोर गेल्या. "पण मला खरं सांगितलं ते त्या लाल पेनानं. चांगला लॉट कोण थांबवतो? दार उघडल्याचं माहीत असणारा. तुला गप्प बसता आलं असतं. चोवीस दांड्या गुपचूप पुढं गेल्या असत्या, कोणाच्या बापाला कळलं नसतं. तोंड खोटं बोललं तुझं, हात बोलला न्हाई. एकतीस वर्षं मी खोट्या नोंदी पकडल्या, कल्याण. खऱ्या नोंदीवरून माणूस पकडायची माझी पहिलीच वेळ आहे."

कल्याणने डोक्यावरची टोपी काढली.

"जाळायचं न्हवतं, बाई. सही घ्यायला गेलो तर फाइल उघडी, पत्र वरच. वाचलं आन शर्टाच्या आत घातलं. सुनावणी झाली का परत ठेवणार होतो. मंग झडतीचा भोंगा झाला. फाटंना, मोडंना. टाकलं भट्टीत."

"अन् लॉट?"

"आत पलास्टिक जळलं, दार उघडलं. त्या दांड्यांवर माणसं उतरतेत बाई, आभाळातून."

मंजूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "का रे? मी काय वाईट केलं तुझं?"

"काय केलं?" कल्याणचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही गेल्त्या तव्हा भाऊ घरी बसला. आम्ही समजलो, दिल्लीला आपलं माणूस आहे, ऑर्डर येईल. तिथं तुम्ही लिहून देऊन बसल्या, गिरिजाचं नाव माझ्यासमोर काढू नका. हे मला काल कळलं, सहा वर्षांनी, चोरून वाचून. ज्या कागदानं आमच्या घरची चूल इझवली त्याच कागदावर चढून तुम्ही मोठ्या खुर्चीत बसणार? मी म्हणलं, न्हाई. बसू देणार न्हाई."

"कल्याण, बस झालं," हर्ष पुढे झाला. "बुआजी, हे इथेच मिटवू. हा राजीनामा देईल, तुम्ही नाव मागे घ्या. कोणाला काही कळणार नाही."

"हर्ष, गप्प बस." मंजूबाई कल्याणकडे वळल्या. डोळे भरले होते, आवाज मात्र स्थिर होता. "ते म्हणतात, असं पत्र कधी नव्हतंच. नसलेलं पत्र कोणी जाळत नाही. त्या रकान्यात तू खरं लिहिलंस, तर हे रजिस्टर मी समितीसमोर ठेवीन. लिहिलंस तर तुझी नोकरी जाईल, पोलिसात तक्रारही होईल, आणि ती मीच करीन. वाचवणार नाही मी तुला. नाही लिहिलंस तरी मी जाणार आहे, रिकाम्या हातांनी. जोर कोणी करणार नाही. सपकाळबाई साक्षीला आहेत."

भट्टी घुमत होती. कल्याणने खिशातून पेन काढलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"मी तुमच्यासाठी लिहून न्हाई राह्यलो," तो म्हणाला. "रजिस्टर कोरं सोडायचं नसतं म्हणून लिहितो."

त्याने लिहिलं, 'दुपारी ४.०५. दार उघडले. मॅडमचे २०१९ चे पत्र आत टाकून जाळले. कल्याण दांडगे.' अक्षर सुबक होतं. बाईंनी खाली साक्षीची सही केली आणि त्यांना वाटलं, आपण असा माणूस नापास करतोय. आणि करायलाच हवा होता.

६

मंजूबाईंचं विमान संध्याकाळचं होतं. तीनच्या पाळीला माणसं बदलतात तेव्हा त्यांनी गाडी फाटकाशी उभी करायला लावली आणि उन्हात उभ्या राहिल्या. दोन्ही पाळ्यांची अडीचशे माणसं थांबली. हर्ष 'नको' म्हणत होता, त्याचं कोणी ऐकलं नाही.

"कल्याणने काय केलं ते तुमच्या कानावर आलं असेल," मंजूबाई म्हणाल्या. "त्याने का केलं ते माझ्याकडून ऐका. २०१९ ला मी दिल्लीत लिहून दिलं, गिरिजाचं काम माझ्यापुढे आणू नका. आपला अर्ज पडून राहिला. मला एक फोन करता आला असता. मी केला नाही. चौसष्ट माणसं घरी बसली. पुढे २०२१ ला ऑर्डर मिळाली ती तुमचे नग पास झाले म्हणून. त्यातही माझा हात नव्हता. हे तुम्हाला येऊन सांगितलं नाही, ही माझी चूक. त्याबद्दल मी तुमची गुन्हेगार आहे. पण पत्र दिलं ही चूक नाही. उद्या खुर्ची मिळाली, तर पहिल्या दिवशी तसंच पत्र पुन्हा लिहीन. ज्याला राग करायचा त्याने आत्ताच करावा."

कोणी टाळी वाजवली नाही. दोघंतिघं पाठ फिरवून निघून गेले. बाईंना वाटलं, एवढं उघडं बोलणं ह्या फाटकाने कधी ऐकलं नसेल.

मागून साळूबाई पुढे आल्या. दिराची नोकरी जाऊन अजून चार तासही झाले नव्हते. त्या गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आम्ही न्हाई म्हणून तुम्ही थांबणार आहात का? पण ह्या खेपी त्याची नक्कल इथं बी लावा, फाटकावर. जे दिल्लीला कळतंय ते आम्हाला बी कळू द्या. न्हाईतर आमच्यातलं कोणी ना कोणी परत भट्टी उघडंल, आन त्याला बोल लावायला तुम्हाला तोंड राहणार न्हाई."

"लावीन," मंजूबाई म्हणाल्या. साळूबाईंनी वाट सोडली आणि गाडी गेली.

गुरुवारी समितीने रजिस्टर दोन तास चाळलं. पुढच्या सोमवारी दुपारी बेबीनंदाबाई बसने जालन्याला आल्या, काही काम नसताना. गिरिजाच्या फाटकावर काचेच्या पेटीत एक नवा करकरीत कागद लावलेला होता, मंजूबाईंनी पाठवलेली नक्कल. त्यावर दिल्लीचा ताजा शिक्का आणि त्याच सकाळची तारीख होती. मजकूर एकाच ओळीचा, गिरिजा एअरोफोर्जचा कोणताही विषय माझ्यासमोर आणू नये. खाली मंजू बद्रीनारायण तोष्णीवाल.

साळूबाईंनी तो पलककडून दोनदा वाचून घेतला. मग कल्याणला दाखवायला मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि कँटीनकडे परत गेल्या.